दादरचा जपानी वर्ग आणि पार्ल्याची चिनी शिकवणी : पदरमोड करून घेतलेला अनुभव

मी अंधेरीच्या एमआयडीसीतील एका पॅकेजिंग कंपनीच्या खरेदी विभागात १४ वर्षे काम करतो आहे. आमच्या कारखान्यात पाऊच भरणारी चार यंत्रे आहेत. त्यांतली तीन चिनी आणि एक जपानी. चिनी यंत्रांचे सुटे भाग दर दोन-तीन महिन्यांनी मागवावे लागतात, तर जपानी यंत्रासाठी गेल्या सहा वर्षांत दोनदाच पत्रव्यवहार करावा लागला. यंत्रांच्या दर्जाबद्दल यातून जो निष्कर्ष निघायचा तो निघो. भाषेच्या बाबतीत मात्र हाच हिशेब उलटा बसतो, हे कळायला मला दोन वर्षे आणि सुमारे साठ हजार रुपये लागले. करिअरच्या दृष्टीने चिनी शिकावी की जपानी, असा प्रश्न पडलेल्या नोकरदार माणसाला उपयोगी पडावे म्हणून त्या दोन्ही शिकवण्यांचे हे परीक्षण लिहीत आहे. दोन्ही ठिकाणांची नावे देत नाही, कारण तक्रारीचे मुद्दे बरेच आहेत आणि मुंबईतल्या अशा बहुतेक वर्गांना ते थोड्याफार फरकाने लागू पडतील, असा माझा अंदाज आहे.

सुरुवात आमच्या साहेबांच्या एका वाक्याने झाली. पगारवाढीच्या चर्चेत ते म्हणाले, "तुम्ही यातली एखादी भाषा शिकून घ्या, परीक्षा पास झालात तर अर्धी फी कंपनी देईल." मी जपानी निवडली. रोजचे काम चिनी लोकांशी असताना जपानी का निवडली, असे कोणी विचारले असते तर तेव्हा मी परीक्षा, प्रतिष्ठा, शिस्त वगैरे शब्द वापरले असते. खरे कारण असे होते, की जपानीचा वर्ग दादरला होता, मुलुंडहून स्लो गाडीने थेट जाता येत होते आणि 'अर्धी फी' मिळवून देणारी परीक्षा नेमकी कधी होणार हे तिथे आधीच सांगता येत होते.

हा वर्ग रानडे रोडच्या परिसरात, साडीच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर भरतो. शनिवार-रविवार अडीच-अडीच तास, जानेवारी २०२४ पासून जून अखेरपर्यंत ४८ बैठका, म्हणजे १२० तास, आणि फी १४,५०० रुपये. आमच्या तुकडीत ३२ जण होते. निम्मे आयटीतले, सात-आठ अ‍ॅनिमे पाहून आलेली कॉलेजची मुले, दोन परिचारिका आणि हायकूच्या ओढीने आलेले एक निवृत्त बँक अधिकारी. शेवटपर्यंत १९ टिकले. निवृत्त गृहस्थ त्यांत होते आणि त्यांचे अक्षर सर्वांत देखणे होते.

मराठी माणसाने जपानी शिकायला बसावे आणि पहिल्याच महिन्यात चकित व्हावे, अशी या भाषेची रचना आहे. 'मी शनिवारी गाडीने दादरला जातो' हे वाक्य जपानीत 'वाताशि वा दोयोबि नि देन्शा दे दादारु ए इकिमासु' असे होते आणि त्यातला एकही शब्द जागचा हलत नाही. क्रियापद शेवटी, आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणे नामामागे चिकटणारे लहान शब्द : 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. त्यांच्या अक्षरमालेचा क्रमसुद्धा अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा चालतो, कारण बौद्ध भिक्षूंनी संस्कृतसाठी आणलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तो आला आहे. इंग्रजी भाषकांना शिकवण्याच्या अनुभवावरून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने जपानी आणि चिनी या दोन्ही भाषांना प्रत्येकी सुमारे २२०० तासांच्या, म्हणजे सर्वांत अवघड वर्गात टाकले आहे. हा आकडा आमच्या वर्गाच्या माहितीपत्रकातही छापलेला होता. तो आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, हे सांगण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. व्याकरणाच्या वाटेवर मराठी माणूस बराच पुढून सुरुवात करतो.

अडचण येते ती लिपीची. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. त्या मेहनतीने महिनाभरात येतात. त्यानंतर चिनी वळणाची कांजी चिन्हे सुरू होतात. सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत त्यांची संख्या २१३६ आहे, आणि एकेका चिन्हाचे संदर्भानुसार दोन, तीन, कधी त्याहूनही जास्त उच्चार होतात. मी चौकटींची वही घेऊन रोज गाडीत दहा चिन्हे गिरवत असे. घाटकोपरला गर्दी चढली की हात वर करून दांडी धरावी लागे, म्हणून माझी त्या काळातली सगळी कांजी मुलुंड ते घाटकोपर एवढ्याच टप्प्यात शिकलेली आहेत.

शिकवणाऱ्या बाईंबद्दल, वर्गात सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे शिक्षक, म्हणत, मला आदरच आहे. व्याकरणापेक्षा त्यांनी जपानी वागणूक फार चांगली शिकवली. पुरवठादाराने 'केन्तो शिमासु', म्हणजे 'विचार करतो', असे म्हटले की त्याचा अर्थ बहुधा नकार असतो, हे सांगताना त्या म्हणाल्या, "आपण 'बघू' म्हणतो ना, तसंच समजा." त्या एका वाक्याने मला आमच्या जपानी यंत्राच्या पुरवठादाराची चार वर्षांपूर्वीची दोन पत्रे एकदम उलगडली. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक ज्याला घरातच कळतो, त्याला जपानी आदरार्थी भाषेमागची भावना समजवावी लागत नाही. तिची रूपे पाठ करावी लागतात, ती गोष्ट वेगळी.

तक्रार आहे ती वर्गाच्या व्यवस्थापनाबद्दल. मार्चमध्ये या बाई दुसऱ्या तुकडीवर गेल्या आणि आम्हांला नुकतीच एन ३, म्हणजे जपानीच्या परीक्षेची मधली पातळी, झालेली एक मुलगी दिली गेली. ती प्रामाणिक होती, पण ३२ जणांचा वर्ग तिच्या आवाक्यातला नव्हता. श्रवणाचा सराव एका मोबाइलवर लावून टेबलावर ठेवला जाई. खाली रस्त्यावर फेरीवाल्यांचा गलका सुरू असला की मागच्या दोन रांगांना 'ओबासान', म्हणजे मावशी, आणि 'ओबाऽसान', म्हणजे आजी, यांतला स्वराच्या लांबीचा फरक कळणे अशक्यच होते. फी परत मिळण्याचा प्रश्न नव्हता; पावतीच्या मागच्या बाजूला ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि ती पावती मी एप्रिलमध्ये पहिल्यांदा वाचली.

याहून मोठा दोष परीक्षेच्या स्वरूपातून येतो. जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा १९८४ पासून चालू आहे, २०१० मध्ये तिच्या चाराऐवजी पाच पातळ्या झाल्या (एन ५ सर्वांत सोपी, एन १ सर्वांत अवघड), आणि जुलै व डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती होते. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. तीत बोलण्याची परीक्षा नाही आणि लिहिण्याचीही नाही. त्यामुळे वर्गही बोलायला शिकवत नाहीत. जुलै २०२४ मध्ये मी एन ५ ला १८० पैकी १२३ गुण मिळवले (उत्तीर्ण होण्यासाठी ८० लागतात), डिसेंबरमध्ये एन ४ ला ९७ गुण मिळवून जेमतेम निघालो (तिथे ९० लागतात), आणि तरीही आमच्या कारखान्यात आलेल्या जपानी तंत्रज्ञाला 'चहा घेणार का' एवढे विचारायला मला दोनदा वाक्य जुळवावे लागले. एन ४ साठी १७,००० रुपये आणखी गेले होते. कंपनीने कबूल केल्याप्रमाणे दोन्ही वेळा अर्धी फी परत केली, हे नमूद करणे भाग आहे.

आता करिअरचे. जपानीचे सगळे बळ या परीक्षेच्या शिडीत आहे. नोकरी देणाऱ्याला स्वतःला जपानी येत नसले तरी 'एन ३' किंवा 'एन २' या दोन अक्षरांचा अर्थ कळतो, आणि जाहिरातीत तो तेवढेच लिहितो. एन ५ ला बाजारात किंमत नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या नोकरीच्या जाहिरातींची सुरुवात एन ३ पासून होते, आणि अनुवाद किंवा दुभाषाचे काम एन २ च्या आत कोणी देत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला शून्यापासून एन ३ पर्यंत जायला दोन ते अडीच वर्षे धरावीत. वर्गाच्या चहाच्या टेबलावर 'सहा महिन्यांत जपानी, मग थेट तोक्यो' असे जे ऐकू येते, ते सोडून द्यावे. शिवाय आयटीतल्या जपानी कामाचा मोठा भाग मुंबईपेक्षा पुण्याला आणि बंगळुरूला आहे; मुंबईकराने तिकडे जाण्याची तयारी ठेवलेली बरी.

वर्गाच्या जिन्यात बुलेट ट्रेनचे मोठे चित्र लावलेले आहे. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग मुख्यतः जपानी कर्जातून आणि शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनच्या तंत्रज्ञानावर उभा राहत आहे. भुयारी मेट्रो ३ आणि अटल सेतू यांनाही जायका या जपानी संस्थेचे कर्ज होते. ही माहिती खरी आहे, पण तीवरून विद्यार्थ्यांना जे सुचवले जाते ते पटण्यासारखे नाही. माझ्या तुकडीतले दोन स्थापत्य अभियंते अशाच कामांवर होते आणि दोघांचेही रोजचे कागद इंग्रजीत चालत. कर्ज जपानी असले म्हणून साइटवरची भाषा जपानी होत नाही.

खरी मागणी दिसते ती वेगळ्या दिशेने. जपानमध्ये म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे आणि काम करणारे हात कमी पडत आहेत. त्यासाठी एप्रिल २०१९ पासून तिथे 'तोकुतेइ गिनो' हा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासंबंधीच्या करारावर सही केली. ज्येष्ठांची शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया, इमारतींची सफाई अशा क्षेत्रांत त्या क्षेत्राची कौशल्य चाचणी आणि एन ४ किंवा तिच्या तोडीची दुसरी भाषा चाचणी एवढ्यावर जाता येते; शुश्रूषेसाठी मात्र त्या कामाच्या जपानीची आणखी एक चाचणी द्यावी लागते. पहिल्या प्रकारचा व्हिसा साधारणपणे एकूण पाच वर्षांपर्यंतच मिळतो आणि त्यात कुटुंब नेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान तोक्योला गेले तेव्हा पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरले, त्यांत भारतातून ५०,००० कुशल माणसे जावीत असे म्हटले आहे. आमच्या तुकडीतल्या दोन्ही परिचारिका याच वाटेवर आहेत आणि १९ जणांत सर्वांत स्पष्ट फायदा त्यांनाच दिसतो आहे. एवढेच, की एका दलालाने त्यांच्याकडे भाषा, चाचणी आणि तिकीट यांचे मिळून एकरकमी पैसे मागितले होते. सेन्सेईंनी त्यांना वेळीच थांबवले.

जानेवारी २०२५ मध्ये मी चिनी सुरू केली. मुंबईत चिनीचा मोठा वर्ग शोधत बसण्यापेक्षा एका व्यापारी मित्राने सांगितलेल्या घरगुती शिकवणीला जाणे सोपे वाटले. शिकवणाऱ्या बाई मराठी आहेत, पतीच्या व्यवसायामुळे आठ वर्षे दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला राहिलेल्या, आणि पार्ले पूर्वेला स्वतःच्या घरी शिकवतात. दर बुधवारी संध्याकाळी दीड तास, एका बैठकीचे ७०० रुपये, एकाच वेळी दोन विद्यार्थी. आतापर्यंत ४० बैठका झाल्या. त्यांना लाओशी, म्हणजे शिक्षक, म्हणायचे असते, पण स्वयंपाकघरातून त्यांच्या सासूबाई 'अगं, यांना चहा दे' असे म्हणाल्या की आपण पुन्हा पार्ल्यात येतो. प्रमाणपत्र नाही, पावती नाही, वेळापत्रक त्यांच्या मुलाच्या शाळेवर अवलंबून. गणपतीत तीन बुधवार बुडाले. सेवा म्हणून हे सगळे दोष लिहून ठेवण्यासारखे आहेत.

शिकवण्याच्या दर्जात मात्र दादर आणि पार्ले यांची बरोबरी होऊ शकत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, की रोमन लिपीत लिहिलेली चिनी इंग्रजीप्रमाणे वाचायची नाही. तिच्यातला बी म्हणजे प आणि पी म्हणजे फ, डी म्हणजे त आणि टी म्हणजे थ, जी म्हणजे क आणि के म्हणजे ख. म्हणून आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते 'पेइचिंग' आहे. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद मराठी पोरगे 'पळ' आणि 'फळ' म्हणताना शिकते. त्यासाठी इंग्रज विद्यार्थी तोंडापुढे कागदाचा कपटा धरून सराव करतात. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'मधला च हे दोन वेगळे उच्चार आपल्याकडे आहेतच, आणि चिनीत त्या दोन्हींची स्वतंत्र गरज पडते. (जपानीतला 'त्सु' हासुद्धा 'चूक'मधला चूच आहे, दादरला सहा महिन्यांत हे कोणी सांगितले नाही.)

सूर मात्र आपल्याकडे नाहीत. प्रमाण चिनीत चार सूर आणि एक बिनसुराचा उच्चार असतो, आणि सूर बदलला की शब्द बदलतो. खरेदी विभागातल्या माणसासाठी नियतीने यात एक खास विनोद करून ठेवला आहे : 'विकत घेणे' म्हणजे 'माय' आणि 'विकणे' म्हणजेही 'माय'. पहिल्याचा सूर खाली जाऊन वर येतो, दुसऱ्याचा वरून धाडकन खाली पडतो. तिसऱ्या महिन्यात मी मोठ्या उत्साहाने आमच्या पुरवठादाराला फोनवर सांगितले, की आम्हांला सीलिंगचे वीस हीटर 'माय' करायचे आहेत. तो दोन क्षण गप्प राहिला, मग हसला आणि इंग्रजीत म्हणाला, की हीटर तर तो स्वतःच बनवतो, आमच्याकडून कशाला घेईल?

आकड्यांचेही तसेच. चार म्हणजे 'स्स' आणि दहा म्हणजे 'श्र'. दक्षिणेकडच्या अनेक लोकांच्या तोंडी श चा स होतो, त्यामुळे तिकडच्या ग्वांगतोंग प्रांतातल्या कारखानदाराने 'चार दिवसांत पाठवतो' म्हटले की 'दहा दिवसांत' हे केवळ सुरावरून ओळखावे लागते. बाईंनी यावर पुस्तकी उपाय सांगितला नाही. त्यांनी दोन तर्जन्या एकमेकींवर फुलीसारख्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "व्हिडिओवर ही खूण करायला सांगा. ही दहाची. आणि ठरलेला आकडा लगेच लिहून पाठवा." माझ्या आतापर्यंतच्या शिकवणीतले सर्वांत जास्त पैसे वाचवणारे वाक्य हेच.

व्याकरण जपानीच्या मानाने फारच थोडे आहे. लिंग नाही, वचन नाही, क्रियापद चालवायचे नाही. मी जातो, ती गेली, आम्ही जाऊ या सगळ्यांना 'छ्यू' हे एकच रूप, काळ बाकीच्या शब्दांवरून कळतो. एका चिन्हाचा बहुधा एकच उच्चार असतो. जपानीसाठी गिरवलेली तीनेकशे चिन्हे इथे कामाला आली, कारण यंत्राच्या पॅनेलवर तापमानाची जी दोन चिन्हे असतात ती दोन्ही भाषांत तीच. जपानी त्यांना 'ओन्दो' म्हणतो, चिनी 'वन्तू' म्हणतो. मात्र मुख्य भूमीवरच्या चीनने चिन्हे सोपी केलेली असल्यामुळे बरीच नव्याने शिकावी लागतात, आणि काही ठिकाणी फसगतही होते : 'हात' आणि 'कागद' ही चिन्हे जोडली की जपानीत पत्र होते, चिनीत संडासात वापरायचा कागद.

परीक्षेच्या बाबतीत चिनी मागे पडते. एचएसके परीक्षेच्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथीला १२०० आणि पाचवीला २५०० शब्द लागतात. २०२१ मध्ये चीनने नऊ पातळ्यांचे नवे मानक आणले, त्यात एकूण ११,०९२ शब्द आहेत, आणि सातवी ते नववीची परीक्षा नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झाली. बाजारात आणि इंटरनेटवर जुन्या व नव्या याद्यांची अशी सरमिसळ झालेली आहे, की आपण नेमके कोणत्या पातळीवर आहोत हे शिकवणाऱ्यालाही ठामपणे सांगता येत नाही. मुख्य म्हणजे 'एचएसके ४' असे अर्जात लिहिले तर मुंबईतल्या किती अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल? आमच्या मनुष्यबळ विभागाने मला तो एखादा व्हिटॅमिनचा प्रकार असल्यासारखा विचारला.

आणि राजकारण. एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवान घडले, त्याच महिन्याच्या शेवटी ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, थेट विमानसेवा २०२० मध्ये बंद पडली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात शाळांसाठी उदाहरणादाखल दिलेल्या परदेशी भाषांत जपानी आणि कोरियन आहेत, आधीच्या मसुद्यात असलेली चिनी नाही. चिनी कंपन्यांतल्या नोकरीवर डोळा ठेवून २०१९ मध्ये भाषा शिकलेल्या माणसाचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

तरीही माल येतच राहिला. भारत-चीन व्यापार १०० अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि त्यातला बहुतांश भाग आयातीचा आहे. जपानशी व्यापार सुमारे २५ अब्ज डॉलरचा. औषधांचा कच्चा माल, यंत्रे, सुटे भाग, दिवे, खेळणी यांची ही आयात मुंबईत रोज डोळ्यांना दिसते. लोहार चाळीतला माझा मित्र, ज्याने मला पार्ल्याचा पत्ता दिला, एलईडी दिवे आणतो. वर्षातून दोनदा ग्वांगचौला भरणाऱ्या कँटन या व्यापारी जत्रेला तो नेमाने जात असे. "मला भाषा येत नाही, कॅल्क्युलेटर येतो," हे त्याचे आवडते वाक्य. बंदीत वीचॅट हे चिनी संदेशांचे अ‍ॅप गेले तेव्हा त्याची पंचाईत झाली, कारण तिकडे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही आणि इकडे वीचॅट. त्याने मुलीला बाईंकडे पाठवले. दीड वर्षाने ती कारखान्यांच्या चिनी संकेतस्थळांवरून दलालाच्या दरात आणि मूळ दरात किती फरक आहे हे वडिलांना दाखवू लागली. त्या मुलीकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही आणि तिला ते कोणी विचारणारही नाही.

माझे मत इथे पक्के झाले. जपानी ही नोकरी शोधणाऱ्याची भाषा आहे. हातात काही नसताना शिकली तरी परीक्षेची शिडी चढून ती कुठेतरी पोचवते. चिनी ही ज्याच्या हातात आधीच काम आहे त्याची भाषा आहे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते चिनी शिकून गेले नव्हते. रुग्ण समोर होते म्हणून त्यांनी ती तिथे शिकून घेतली, आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच भाषेत शिकवलेही. काम आधी आणि भाषा नंतर, हा क्रम चिनीला मानवतो. उलट क्रमाने शिकणाऱ्याला सरकारी दुभाषा, संरक्षण खाते, विद्यापीठ अशा मोजक्या जागा उरतात. त्या चांगल्या आहेत आणि चिनी जाणणारे कमी असल्याने तिथे स्पर्धाही कमी आहे. पण तिथवर पोचायला छंद पुरत नाही, पदवी लागते.

भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपमुळे हे सगळे निरर्थक झाले आहे का, असे आमच्या साहेबांनी मला मध्यंतरी विचारले. पत्रांपुरते बरेचसे झाले आहे. मी स्वतः जपानी पत्रे अ‍ॅपमध्ये टाकून वाचतो. परंतु गेल्या श्रावणात रात्रपाळीला यंत्र अडकले, पॅनेलवर लाल अक्षरे लुकलुकत होती आणि ऑपरेटरचा मोबाइल नियमाप्रमाणे गेटवर जमा होता. त्याने मला घरी फोन करून चिन्हांचे वर्णन केले, "साहेब, पहिल्याच्या खाली बदाम काढल्यासारखं आहे, दुसऱ्याच्या डावीकडे माणूस उभा आहे." ते 'चीथिंग' होते, म्हणजे आपत्कालीन थांबा. कोणाचा तरी कोपर मागच्या बाजूच्या लाल बटणाला लागला होता. बटण फिरवून मोकळे केले आणि यंत्र सुरू झाले. वेंडरच्या माणसाला बोलावले असते तर सकाळपर्यंत पाळी बसून राहिली असती.

माझ्यासाठी म्हणून पाहिले तर दादरचे पैसे अर्धे वाया गेले आणि पार्ल्याचे वसूल झाले. पण माझा भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत त्याने विचारले, "मामा, मी काय करू, जपानी की चिनी?" त्याच्याकडे यंत्र नाही, दुकान नाही, पुरवठादार नाही. त्याला मी जपानी सांगितली. आणि दादरला जायचेच असेल तर पहिल्या मोफत तासाला फळ्याकडे न पाहता तुकडीची माणसे मोजायची, सहा महिने हेच शिक्षक राहणार का ते लेखी मागायचे, फी दोन हप्त्यांत भरायची आणि पावतीची मागची बाजू तिथेच उभे राहून वाचायची, असेही सांगितले. त्याने एक मोफत तास केला आहे. तुकडी ३६ जणांची निघाली, म्हणून तो आता ठाण्यात १२ जणांचा वर्ग पाहून आला आहे. फी चार हजारांनी जास्त आहे आणि शनिवारी अर्धा तास फक्त बोलण्याचा असतो. माझी एन ५ ची चौकटींची वही त्याने नेली आहे.